नकार गिळणारा मध्यस्थ

एलादिओ ब्रेनेस कोतो यांना 'नाही' म्हणता येत नसे. हे दुखणं त्यांचं एकट्याचं नव्हतं. कार्तागोतलं निम्मं गाव त्यानं आजारी होतं. पण बाकीच्यांना ते सर्दीसारखं होतं, येऊन जाऊन. एलादिओंच्या ते हाडात भिनलं होतं.

त्यांच्या घरात ज्ञानकोशाचे तीन संच होते. तिन्ही एकच, कारण विक्रेता तीनदा आला होता. एकोणीस पोरांचे ते बाप्तिस्म्याचे धर्मपिता होते आणि त्यातल्या सातांची नावं त्यांना आठवत नसत. एकदा एकाच शनिवारी, एकाच वेळेला, डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या दोन लग्नांची आमंत्रणं त्यांनी "मोठ्या आनंदानं" स्वीकारली आणि दोन्हीकडे न जाता दिवसभर परसातल्या कांद्याच्या वाफ्याशी उकिडवे बसून राहिले.

"अहो, एकाला तरी नाही म्हणायचं," त्यांची बायको फ्लोरी म्हणाली.

"कोणाचं मन मोडवत नाही."

"आता दोघांची मोडली."

"हो, पण माझ्यासमोर नाही."

विसाव्या वर्षी ते तारऑफिसात लागले होते. काम सोपं होतं. लोक सांगतील तो मजकूर कागदावर उतरवायचा आणि आतल्या खोलीत तार ठोकणाऱ्याकडे सरकवायचा. एक दिवस तिएर्रा ब्लांकाहून एक म्हातारा आला. लिमोनच्या बंदरात कामाला असलेल्या मुलाला कळवायचं होतं: आई वारली, ताबडतोब ये. एलादिओंनी लिहून घेतलं, वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो मुलगा आला. घामेजलेला, खांद्यावर केळीचा घड, आणि वरून हे चार शब्द दगडासारखे पडतायत. कागद आत सरकेपर्यंत मजकूर असा झाला होता: आईची तब्येत जरा नरम, सवडीनं ये.

मुलगा सवडीनं आला. नवव्या दिवशी, शेवटची प्रार्थना होऊन कॉफीचे पेले धुतले जात असताना, आईसाठी संत्र्यांची पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला.

म्हाताऱ्यानं कचेरीत येऊन आरडाओरडा केला नाही. कार्तागोत तसं कोणी करत नाही. पण त्यानंतर बाजारात भेटला की तो एलादिओंना टोपी काढून नमस्कार करी आणि चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या बुटांकडे बघे. हे बावीस वर्षं चाललं. म्हातारा गेला तेव्हा एलादिओ अंत्ययात्रेला गेले, सगळ्यांत मागून, काळे बूट घालून.

पुढे तारऑफिस बंद झालं. संगणक आले. एलादिओ संध्याकाळच्या वर्गात जाऊन ते शिकले, कारण शिकवणाऱ्यानं "याल ना?" असं विचारलं होतं. मग ते गुरांची औषधं आणि खाद्य पुरवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि तिथंच रुजले. दोन हजार बारा साली ते एकोणसाठ वर्षांचे होते, पेन्शनला तीन वर्षं उरली होती, आणि कंपनीत त्यांच्या नावावर एकच मोठी गोष्ट होती. तिला ते मध्यस्थ म्हणत.

मध्यस्थ म्हणजे एक प्रोग्रॅम. इरासू ज्वालामुखीच्या उतारावर आणि तुरियाल्बाच्या खोऱ्यात मिळून दीडशे दुकानं कंपनीकडून माल मागवत, आणि प्रत्येकाची मागायची तऱ्हा वेगळी. पाकायासचे डॉन विल्बेर पोत्यांत मागत. सांता क्रूसचे डॉन बेलिसारिओ क्विंटलात. तुरियाल्बाच्या एक बाई फक्त 'नेहमीचं' एवढंच लिहीत. कोठारातल्या जुन्या संगणकाला मात्र आठ आकडी क्रमांक आणि किलो याखेरीज काही कळत नसे. या दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे समजेल अशा भाषेत पोचवणारा तो मध्यस्थ सहा वर्षांपूर्वी एलादिओंनी एकट्यानं बांधला होता.

आणि चांगला बांधला होता. दीडशे दुकानांच्या भाषा थेट कोठाराच्या भाषेत फिरवत बसायचं नाही. आधी सगळ्यांना एका सामाईक साच्यात आणायचं आणि तिथून पुढे न्यायचं, म्हणजे उद्या कोठाराचा संगणक बदलला तरी एकच दुभाषा नवा लिहावा लागेल. एका टप्प्यानं एकच काम करायचं. मूळ मागणी जशी आली तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, बाजूला जपून ठेवायची. प्रत्येक संदेशाच्या कपाळावर एक क्रमांक चिकटवायचा आणि तो शेवटच्या दारापर्यंत पुसू द्यायचा नाही. तीच मागणी दोनदा आली तरी माल एकदाच गेला पाहिजे, हे मात्र त्यांना तुरियाल्बाच्या बाईंनी शिकवलं. बटण दाबल्यावर काही झालं नाही असं वाटून त्या पुन्हा पुन्हा दाबीत, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दारात चाळीस पोती कोंबडीखाद्य उतरलं. त्यांनी तक्रार केली नाही. कोंबड्या वाढवल्या.

घोळ एकाच टप्प्यात होता, परतीच्या वाटेवरच्या.

कोठाराचं उत्तर दोन प्रकारचं असे: 'आहे' किंवा 'नाही'. पुढे मागे काही नाही, मोठ्या ठळक अक्षरांत. चाचणीच्या दिवशी पहिला 'नाही' निघाला तो पाकायासच्या डॉन विल्बेरांकडे. एलादिओंनी त्याला पडद्यावर एकेक टप्पा ओलांडताना पाहिलं. साखर न घातलेल्या कॉफीसारखा तो उघडा शब्द आता डोंगरावर जाणार, सकाळी सकाळी, धुक्यात, एका सज्जन माणसाच्या दुकानात. त्यांचा हात आपसूक पुढे झाला. त्यांनी मधे एक छोटासा टप्पा घातला, चार ओळींचा. कोठार 'नाही' म्हणालं की दुकानाला जायचं: 'मोठ्या आनंदानं. आओरिता.'

आओरिता हा शब्द तिकडे कोणी कोणाला समजावत नाही. त्याचा अर्थ आत्ता, मग, उद्या किंवा या जन्मी नाही; यातला कुठला, ते बोलणाऱ्याच्या भुवईवरून कळतं. मशीनला भुवई नव्हती.

अडवलेला खरा 'नाही' एका रांगेत जाऊन बसे. त्या रांगेचंही नाव त्यांनी आओरिताच ठेवलं. रोज सकाळी साडेसहाला एलादिओ ती रांग उघडत, फोन जवळ ओढत आणि एकेका दुकानाला लावत. आधी आईच्या गुडघ्याची चौकशी. मग धुकं. मग जावयाची नोकरी. बाराव्या मिनिटाला, "आणि ते औषध, म्हणजे, सध्या जरा... तुम्ही समजूतदार आहात." दुकानदार समजूतदार असे. तो फोन ठेवून दुसरीकडून मागवी. नऊपर्यंत रांग रिकामी होई, एलादिओंचा कान लाल होई, आणि भिंतीवरच्या तक्त्यात आणखी एका दिवसासमोर शून्य पडे. चुका: शून्य. नकार: शून्य. सहा वर्षं.

हे गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं. कोठार सांभाळणाऱ्या डोन्या सिनिया, म्हणजे सिनियाबाई. केसांत पेन्सिल खोचलेली, आवाज कोठाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. 'नाही' त्यांच्याच हातून निघत, आणि दिवसाला दहा-पंधरा निघूनही एकही दुकानदार का चिडत नाही याचा छडा त्यांनी दुसऱ्याच महिन्यात लावला होता.

"तुमचं मशीन म्हणजे तुम्हीच," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त वीज जास्त खातं."

मग पनामातल्या मुख्य कचेरीनं तो तक्ता पाहिला. सहा वर्षांत शून्य चुका. त्यांनी ठरवलं की हाच मध्यस्थ जसाच्या तसा ग्वातेमाला, होंडुरास, निकाराग्वा आणि पनामात उतरवायचा, आणि तो तपासून 'उत्तम पद्धती' अशा मथळ्याखाली लिहून काढायला एका आर्जेंटिनी इंजिनिअर बाईंना पाठवलं. नेलिदा स्कार्पा, गाव रोसारिओ.

"आता सांगून टाका, डॉन एलादिओ," सिनिया म्हणाल्या. "तुम्ही इथल्या दीडशे जणांना फोन करता. तिकडे चार देशांत कोण करणार? औषध येतंय म्हणून लोक वाट बघत बसतील आणि गुरं मरतील."

"हो, सांगतो."

"कधी?"

"आओरिता."

"भुवई दिसली मला तुमची."

एलादिओंनी रात्री हिशेब मांडून पाहिला, म्हणजे मनातल्या मनात. सांगितलं तर नोकरी जाणार, पेन्शनच्या तोंडावर. नाही सांगितलं तर तो चार ओळींचा टप्पा चार देशांत बसणार, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सवडीनं येणार. फ्लोरीनं विचारलं, झोप येत नाही का. ते म्हणाले, येतेय, आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत राहिले.

नेलिदाबाई सोमवारी सकाळी साडेसहाला हजर झाल्या.

"एलादिओ, तू मला हे टप्प्याटप्प्यानं दाखव. आणि गोड बोलू नकोस, माझ्याकडे वेळ कमी आहे."

त्यांचा आवाज मोठा नव्हता, फक्त सरळ होता. कार्तागोत सरळ आवाज मोठाच वाटतो. एलादिओ आपल्या कुत्र्यालासुद्धा 'अहो, बसा' म्हणणारे. आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत त्यांना कोणी 'तू' म्हटलं आणि त्यांना उगाच आपण शाळेत आहोत असं वाटलं.

त्यांनी दाखवलं. सामाईक साचा पाहून बाई खूश झाल्या. कपाळावरचा क्रमांक पाहून आणखी खूश झाल्या. कोंबड्यांची गोष्ट ऐकून हसल्या आणि ती लिहून घेतली.

"माझे नियम थोडे आहेत," त्या म्हणाल्या. "मध्यस्थानं पोचवायचं, भाषा बदलायची आणि नोंद ठेवायची. स्वतःचं मत असलेला मध्यस्थ म्हणजे तिसरा भांडखोर. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"आणि चूक गिळायची नाही, हा माझा सगळ्यात मोठा. संदेश पोचला नाही तर दोन-तीनदा प्रयत्न, मग माणसाला दिसेल अशा रांगेत. पाठवणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत स्पष्ट कळवायचं. आहे तुझ्याकडे अशी रांग?"

"आहे."

"नाव?"

"आओरिता."

"म्हणजे?"

"थोड्याच वेळात."

"छान. भरून राहते का?"

"छे. रोज नऊपर्यंत रिकामी होते."

यात एकही शब्द खोटा नव्हता. बाईंनी लिहिलं: रांग आपोआप रिकामी होते. एलादिओंनी तो 'आपोआप' उलटा वाचला, टेबलाच्या पलीकडून, आणि काही बोलले नाहीत.

अडचण अशी झाली की बाई साडेसहाला येत आणि संध्याकाळपर्यंत शेजारची खुर्ची सोडत नसत. फोन करता येईना. सोमवारी रांगेत चौदा जमले. मंगळवारी एकतीस झाले. एलादिओ मोबाइल खिशात घालून संडासात गेले आणि दार लावून कुजबुजत फोन करू लागले. पण पहिल्याच दुकानदाराच्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि ते सगळं ऐकून घेण्यात वीस मिनिटं गेली. दारावर टकटक झाली.

"एलादिओ, बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"आत कोणाशी बोलतोयस?"

एलादिओंनी पाणी सोडलं.

बुधवारी सकाळी पहिल्या बसनं डॉन बेलिसारिओ आले. सांता क्रूसचे दुकानदार, स्वतःच्याही आठ गायी. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात केळीच्या पानात बांधलेलं चीज. ते त्यांनी एलादिओंच्या टेबलावर ठेवलं.

"तसदी देतोय, डॉन एलादिओ. माफ करा."

"छे छे, तसदी कसली. आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. गाय बरी नाही."

एलादिओंनी चीज बाजूला सरकवलं.

"रविवारी व्याली," बेलिसारिओ म्हणाले. "सोमवारी पहाटे पाय गेले. बसली ती उठेना. तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा कॅल्शियमची बाटली लागते, शिरेतून, आणि लवकर लागते. मी पाचला मागणी टाकली. तुमच्या मशीनचं उत्तर आलं, मोठ्या आनंदानं, आओरिता. मी नऊपर्यंत फोनपाशी बसलो. नसलं तर तुमचा फोन येतो, नेहमीचं आहे. फोन आला नाही. म्हटलं, चला, गाडीत टाकलं असणार."

"हो," एलादिओ म्हणाले. कशाला, ते त्यांनाही कळलं नाही.

"दुपारी गाडी आली. कोंबडीखाद्य होतं. तोवर तिनं मान कुशीकडे वळवून टेकली होती. चारला शेजारी सान होसेहून परतला, त्याच्याकडे एक बाटली होती. वाचली. उभी राहताना मागचे पाय अजून थरथरतात." ते थांबले. "मी भांडायला नाही आलो. मोठ्या आदरानं एकच विचारायचं होतं. तुमच्या मशीनच्या आओरिताचा अर्थ काय?"

"थोड्याच वेळात," नेलिदाबाई शेजारून आपल्या वहीत बघून म्हणाल्या. मदत म्हणून.

"आभारी आहे, बाईसाहेब," बेलिसारिओ म्हणाले. त्यांनी टोपी उचलली, एलादिओंना मान लववून नमस्कार केला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, बुटांकडे पाहिलं. मग गेले.

खिडकीबाहेर धुकं होतं. एलादिओ त्यात काहीतरी शोधत असल्यासारखे बघत राहिले.

"बिचारा," बाई म्हणाल्या. "पण हे गाडीवाल्यांचं काम, आपलं नाही. तर, मी उद्या पनामाला कळवते. मध्यस्थ आहे तसा चार देशांत उतरवायचा. बरोबर?"

"हो."

"ग्वातेमाला पुढच्या महिन्यात."

"हो."

"काही बदल सुचवायचाय?"

एलादिओंनी तोंड उघडलं. जीभ वर जाऊन दातांमागे टेकली आणि तिथंच राहिली. "न..."

"नऊ?" बाईंनी पेन उचललं. "नऊ बदल?"

"न..."

"नंतर सांगणार?"

"नाही," एलादिओ म्हणाले.

दाराशी यादी घेऊन उभ्या असलेल्या सिनियांनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते.

"काय नाही?" बाईंनी विचारलं.

"उतरवायचा नाही. ती रांग आपोआप रिकामी होत नाही. मी करतो. फोननं. कोठार नाही म्हणतं, मशीन हो म्हणतं, आणि मग मी... समजावतो."

बाईंनी खुर्ची ओढली आणि आओरिता रांग उघडली. सत्तेचाळीस नकार होते, एकाखाली एक, दवाखान्यात बाकावर बसलेल्या लोकांसारखे. त्या बराच वेळ वाचत होत्या.

"सहा वर्षं?"

"हो."

"आणि चार देशांत कोण फोन करणार होतं?"

"तोच विचार करत होतो."

"काय ठरलं?"

"जरा लवकर उठलो असतो."

बाईंच्या तोंडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की संतापाचा, ते सिनियांनाही सांगता आलं नाही. "तुझी नोकरी जाऊ शकते, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मला हे सगळं अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि तरी 'नाही' म्हणालास." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. सहा वर्षांतला प्रत्येक अडवलेला संदेश तिथं होता. मूळ मागणी जशीच्या तशी, क्रमांक शाबूत, कोठाराचं उत्तर शाबूत, आणि शेवटी एक रकाना त्यांना कळेना. "हे काय? 'उजवा, थंडीत जास्त.'"

"गुडघा," एलादिओ म्हणाले. "फोनची नोंद."

"गुडघ्यांचीही नोंद?"

"सामाईक साच्यात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तू काही फेकलं नाहीस. नोंदीतलं काही बदललंही नाहीस. शेवटच्या पायरीवर तुझी हिंमत संपली, एवढंच. कोठाराचा 'नाही' नागडा जाऊ नये हे तुझं बरोबर होतं. पण तू त्याला इतके कपडे घातलेस की आत कोण आहे तेच दिसेना. त्या चार ओळी काढ. आणि एक वाक्य लिही, नकाराचं. दुकानदाराला वाचल्याबरोबर कळेल असं."

आधी एलादिओंनी त्या सत्तेचाळीस जणांना फोन केले. मग वाक्य लिहायला बसले. तारऑफिसात बसत तसे, कोपर टेबलावर, पेन्सिल कानाशी.

पहिला मसुदा: 'आपली मागणी आम्हाला अत्यंत प्रिय आहे.'

"हा होकार आहे," सिनिया म्हणाल्या.

दुसरा: 'सदर औषध सध्या विश्रांती घेत आहे.'

"औषध काय करतंय?"

तिसरा: 'असतं तर आम्ही मोठ्या आनंदानं पाठवलं असतं.'

"माणूस 'मोठ्या आनंदानं' वाचतो आणि तिथंच थांबतो," नेलिदाबाई म्हणाल्या. "गाय खाली बसलेली असते त्याची, तो व्याकरण बघत नाही."

तीनच्या कॉफीपर्यंत अकरा मसुदे झाले. सिनियांनी आपल्या खिशातलं मक्याचं भाजलेलं तामाल तिघांत वाटलं. आठव्या मसुद्यात एलादिओंनी 'नाही' हा शब्द लिहिला होता, पण कंसात. नवव्यात कंस गेला, पण शब्द वाक्याच्या शेवटून मधे सरकला, गर्दीत लपावा तसा. बाराव्याला त्यांनी डोळे मिटून लिहिलं आणि कागद न वाचता सरकवला:

'हे औषध आमच्याकडे नाही. आज येणार नाही. वाट पाहू नका, दुसरीकडून घ्या. तसदीबद्दल माफी.'

सिनियांनी वाचलं, नेलिदाबाईंनी वाचलं. नेलिदाबाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली.

"ती माफी काढायची का?" एलादिओंनी विचारलं.

"राहू दे," नेलिदाबाई म्हणाल्या. "मी काही राक्षस नाही."

शुक्रवारी पनामाहून उत्तर आलं. मध्यस्थ चार देशांत उतरवावा, त्या चार ओळी वगळून. नकाराचं वाक्य उत्तम पद्धतींत धरावं. भिंतीवरचा शून्याचा तक्ता उतरवावा. आणि सदर कर्मचाऱ्यावर पुढची तीन वर्षं देखरेख ठेवावी.

"पेन्शनपर्यंत," सिनियांनी बोटांवर मोजून सांगितलं. "तीन वर्षं तुम्हाला काढता येणार नाही. देखरेख कोणावर ठेवणार मग?"

देखरेख सिनियांकडेच आली.

सोमवारी सकाळी नवा टप्पा चालू झाला. पावणेसातला पाकायासहून डॉन विल्बेरांची मागणी आली, वासरांचं जंताचं औषध, दोन पोती, औषधाचीही पोतीच. मध्यस्थानं तिची भाषा बदलली, क्रमांक चिकटवला, कोठाराला दिली. कोठार म्हणालं, नाही. आणि तो 'नाही' परतीच्या वाटेला लागला, एकेक टप्पा ओलांडत, आणि जिथं तो सहा वर्षं अडत आला होता तिथून पुढे गेला.

दीड मिनिटात फोन वाजला. सिनियांनी उचलला, ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"डॉन विल्बेर आहेत. डॉन एलादिओंची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, विचारतायत."

एलादिओंनी फोन घेतला. "मी जिवंत आहे."

"देवाची कृपा," पलीकडून आवाज आला. "तुमचं मशीन असं कधी बोललं नाही हो. मी बायकोला म्हटलं, गेले बहुतेक. कोणी लिहिलं हे? बाहेरचं कोणी आलंय का?"

एलादिओंनी नेलिदाबाईंकडे पाहिलं. त्या आपली बॅग भरत होत्या. दुपारचं विमान होतं. 'आर्जेंटिनाहून एक बाई आल्यात' एवढं म्हटलं असतं तर डोंगरावरच्या दीडशे दुकानांत सगळं समजून घेतलं गेलं असतं, आणि त्या पुन्हा इकडे यायच्याही नव्हत्या.

"मी लिहिलं," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"मी. औषध नाही, डॉन विल्बेर."

पलीकडे कोंबडा आरवला. मग दुसरा. विल्बेर विचार करत होते, किंवा गिऱ्हाइकाला काहीतरी देत होते.

"मग मी तुरियाल्बाहून मागवतो," ते म्हणाले. "आत्ता कळलं ते बरं झालं. आठची बस मिळेल."

"मिळेल."

फोन बंद झाला. नेलिदाबाईंनी घड्याळ पाहिलं आणि बॅगेची चेन ओढली. पडद्यावर दुसरा 'नाही' कोठारातून निघाला होता, तुरियाल्बाच्या बाईंकडे. एलादिओ त्याच्याकडे बघत होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली घातला आणि तो 'नाही' पोचेपर्यंत हातावर बसून राहिले.